नॉरिसचा गुन्हा काय होता?

नॉरिस डिव्हिजनचा विषय निघाला की समोरचा माणूस पहिला आकडा फेकतो तो 52. आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये 1987-88च्या हंगामात टोरोंटो मेपल लीफ्स 80 सामने खेळले. 21 जिंकले, 49 हरले, 10 बरोबरीत सुटले. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, म्हणजे एकूण 52. एकशे साठपैकी बावन्न म्हणजे साडेबत्तीस टक्के. आपल्याकडे दहावीलासुद्धा पस्तीस लागतात. तरी हा संघ बाद फेरीत गेला, कारण त्याच्या गटात त्याच्याही खाली एक जण होता, 51 गुणांचा मिनेसोटा नॉर्थ स्टार्स.

एवढं सांगून लोक हसतात आणि हसून झालं की निकाल देतात. नॉरिस म्हणजे खेळ न येणाऱ्यांचा गट. खेळ येत नव्हता म्हणून ते मारामाऱ्या करायचे. 1993मध्ये लीगने हे नाव पुसून तिथे ‘सेंट्रल’ लिहिलं ते उत्तम झालं, कारण नाव लाजिरवाणं होतं आणि नव्या प्रेक्षकाला कळतही नव्हतं. शिकागो, डेट्रॉइट, टोरोंटो, सेंट लुईस, मिनिआपोलिस या नॉरिसच्या सगळ्या मुलखांत आज मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात. तिथल्या मराठी तोंडूनही हाच निकाल मी ऐकलेला आहे.

हसण्याला माझी हरकत नाही. 52 गुण हास्यास्पदच आहेत. हरकत आहे ती निकालाला. त्यात आरोपी चुकीचा धरला आहे, पुरावा अर्धा दाखवला आहे आणि शिक्षा देताना भलतंच कारण पुढे केलं आहे.

अर्ध्या पुराव्यापासून सुरुवात करू. नॉरिसला विनोद म्हणणारे सगळे इतिहासाची पाटी 1981पासून वाचतात. गट जन्मला 1974मध्ये. त्या वर्षी वॉशिंग्टन आणि कॅन्सस सिटी हे दोन नवे संघ आले, लीगमधली संख्या 18 झाली, आणि पूर्वीचे ईस्ट-वेस्ट हे दोन गट मोडून चार केले गेले. त्यांना दिशांची नावं न देता हॉकीचा धंदा उभा करणाऱ्या चौघांची नावं दिली: बॉस्टनचे चार्ल्स ॲडम्स, न्यूयॉर्कचे लेस्टर पॅट्रिक, टोरोंटोचे कॉन स्माइद आणि डेट्रॉइटचे जेम्स नॉरिस. पहिल्या नॉरिसमध्ये मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग, डेट्रॉइट आणि वॉशिंग्टन होते. नकाशा पुढ्यात घेऊन हसायचं असेल तर इथे खुशाल हसा; मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिस ही खंडाची दोन टोकं आहेत.

पण खेळाचं काय? 1976 ते 1979 अशी सलग चार वर्षं लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने नेला, म्हणजे चारही वर्षं तो नॉरिसच्या घरात होता. 1974-75मध्ये याच गटातलं वॉशिंग्टन 80 सामन्यांपैकी आठ जिंकलं. दोनच वर्षांनी याच गटातलं मॉन्ट्रियल 80 सामन्यांपैकी आठ हरलं आणि 132 गुणांवर थांबलं. लीगच्या इतिहासातला एक अगदी दुबळा आणि एक अगदी बलाढ्य संघ असे एकाच ताटात जेवत होते. नॉरिसचं पहिलं रूप हे असं आहे. ते कुणी सांगत नाही, कारण सांगितलं की विनोद फसतो.

1981मध्ये लीगने गट पुन्हा मांडले, या वेळी भूगोल पाहून. मॉन्ट्रियल ॲडम्समध्ये गेलं, लॉस एंजेलिस स्माइदमध्ये, पिट्सबर्ग पॅट्रिकमध्ये. जुन्यांपैकी डेट्रॉइट एकटं उरलं आणि त्याच्या जोडीला शिकागो, टोरोंटो, सेंट लुईस, मिनेसोटा आले. विनिपेग एक वर्ष राहून स्माइदमध्ये गेलं. आज लोक ‘नॉरिस’ म्हणतात ते या पाच संघांना.

याच वेळी लीगने बाद फेरीचा नियमही बदलला आणि खरी गोम तिथे आहे. आता प्रत्येक गटातले पहिले चार संघ आत जाणार, आणि पहिल्या दोन फेऱ्या गटातल्या गटातच होणार. एकूण संघ 21, आत जाणारे 16. बाहेर राहायलाच कर्तबगारी लागायची. रणजी करंडकाची जुनी विभागीय पद्धत आठवणाऱ्या वाचकाला हे चटकन समजेल. विभागातून वर जायचं, मग शेजारी कसे मिळाले यावर नशीब ठरायचं. पाच संघांच्या गटात चौघांना आत घेतलं की चौथ्याने कितीही मार खाल्ला तरी त्याला एकाच संघाच्या पुढे राहायचं असतं. टोरोंटोने 1988मध्ये तेवढंच केलं. हा नियम टोरोंटोने लिहिला नव्हता आणि नॉरिसपुरता तर तो मुळीच नव्हता.

आता एक तुलना करा. 1982मध्ये स्माइद गटात लॉस एंजेलिस 63 गुणांवर होतं. 80पैकी 24 विजय आणि 41 पराभव. तेही याच नियमाने आत गेलं आणि पहिल्याच फेरीत 111 गुणांच्या एडमंटनला त्याने घरी पाठवलं. त्यातल्या एका सामन्यात 0-5 असे मागे असताना ते जादा वेळेत 6-5 जिंकले. त्याच वर्षी स्माइदमधूनच व्हँकूव्हरचा संघ, जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला, थेट अंतिम फेरीत पोचला. लॉस एंजेलिसच्या त्या सामन्याला हॉकीजगत आजही ‘चमत्कार’ म्हणतं. चार वर्षांनी नॉरिसमध्ये 57 गुणांच्या टोरोंटोने गटविजेत्या शिकागोला सलग तीन सामन्यांत गारद केलं, तर ते झालं ‘नॉरिसचा दर्जा बघा’. नियम तोच, तऱ्हा तीच. स्माइदमध्ये घडलं की परीकथा आणि नॉरिसमध्ये घडलं की तमाशा, हा न्याय कुठला?

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर मीही अर्धाच पुरावा दाखवल्यासारखं होईल. 1986-87मध्ये नॉरिसच्या पाचांपैकी एकही संघ जितके सामने हरला त्याहून जास्त जिंकला नाही. गटात पहिल्या आलेल्या सेंट लुईसचे गुण होते 79. एका संघाने 32 सामने गटातच खेळायचे आणि 48 बाहेरच्यांशी; गटातल्या सामन्यांत एकाचा तोटा तो दुसऱ्याचा फायदा, तेव्हा सगळेच खाली गेले याचा अर्थ बाहेरच्यांनी त्यांना बदडलं. त्या वर्षी हा गट दुबळा होता. प्रश्न असा की कशामुळे?

उत्तर मालकांच्या खोलीत आहे. टोरोंटोचे मालक हॅरॉल्ड बॅलर्ड 1990मध्ये वारले. 1979-80पासून ते वारले त्या हंगामापर्यंत या संघाने एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नाहीत. संघ कसाही खेळो, मेपल लीफ गार्डन्स भरायचंच. गल्ला भरतोय म्हटल्यावर मालकाला संघ सुधारायची घाई कशाला? डेट्रॉइटची तऱ्हा जवळजवळ तीच. तिथे ब्रूस नॉरिस, म्हणजे ज्यांचं नाव गटाला दिलं त्यांचे चिरंजीव, यांच्या काळात संघ असा घसरला की ‘रेड विंग्ज’ला लोक ‘डेड विंग्ज’ म्हणू लागले. 1982मध्ये त्यांनी तो 80 लाख डॉलरला माइक इलिच यांना विकला. पुढच्याच वर्षी तिथे स्टीव्ह आयझरमन नावाचा पोरगा आला. गटाचं नाव तेच राहिलं, शेजारी तेच राहिले, आणि 1987 व 1988 असे लागोपाठ दोन हंगाम डेट्रॉइट उपांत्य फेरीत होतं.

सेंट लुईसची कथा तर सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1983मध्ये हा संघ रॅल्स्टन प्युरिना या कंपनीच्या मालकीचा होता, म्हणजे कुत्र्यामांजरांचं आणि गुराढोरांचं खाद्य बनवणाऱ्यांच्या. कंपनीला संघ कॅनडातल्या सास्काटून शहरात नेऊ पाहणाऱ्यांना विकायचा होता. लीगने विक्री नाकारली. कंपनी रुसली आणि तिने संघातून अंगच काढून घेतलं. त्या वर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या दिवशी, जेव्हा प्रत्येक संघ पुढच्या दहा वर्षांची बेगमी करतो, तेव्हा सेंट लुईसचं टेबल रिकामं होतं. एकही खेळाडू घेतला गेला नाही. मग हॅरी ऑर्नेस्ट यांनी संघ विकत घेतला आणि काटकसरीने रेटला.

तीन वर्षांनी, 12 मे 1986 रोजी, सोमवारी, हाच संघ कॅल्गरीविरुद्ध उपांत्य फेरीचा सहावा सामना खेळत होता. मालिकेत 2-3 असा मागे, आणि शेवटच्या सत्रात 2-5 असा मागे. तिथून त्याने 5-5 केले आणि जादा वेळेत डग विकेनहायझरच्या गोलवर सामना 6-5 असा काढला. सातवा सामना कॅल्गरीने 2-1 जिंकला. खेळाडू निवडायला माणूस न पाठवलेला संघ अंतिम फेरीपासून एका गोलवर येऊन थांबला. नॉरिसवर हसणाऱ्याच्या यादीत ही संध्याकाळ का नसते?

‘पण कप कुठे आहे?’ हा पुढचा सवाल ठरलेला. 1981नंतर नॉरिसच्या एकाही संघाने स्टॅन्ली कप जिंकला नाही, हे खरं. वाटेत कोण उभं होतं तेही सांगा ना. नॉरिसचा विजेता उपांत्य फेरीत स्माइदच्या विजेत्याला भिडायचा, आणि 1984 ते 1990 या सात वर्षांत सहा कप स्माइदने नेले, पाच एडमंटनने आणि एक कॅल्गरीने. 1983 आणि 1985ला शिकागो, 1984ला मिनेसोटा, 1987 आणि 1988ला डेट्रॉइट, 1990ला पुन्हा शिकागो, हे सगळे एडमंटनपुढे पडले. त्या एडमंटनपुढे तेव्हा कोण पडलं नाही? दाराशी वाघ बांधलाय आणि तुम्ही विचारताय की हा घराबाहेर का पडला नाही!

आणि वाघ म्हातारा झाल्यावर काय झालं? 1990-91मध्ये पूर्ण लीगमध्ये पहिला आलेला संघ शिकागो, 106 गुण. दुसरा सेंट लुईस, 105 गुण. दोन्ही नॉरिसचे. त्या दोघांनाही हरवून अंतिम फेरीत गेला तो 68 गुणांचा मिनेसोटा, तोही नॉरिसचाच. पुढच्या वर्षी शिकागो अंतिम फेरीत होतं. दोन्ही वेळा पिट्सबर्गने कप नेला, हा भाग वेगळा. 1993च्या वसंतात टोरोंटोने आधी डेट्रॉइटला आणि मग सेंट लुईसला सात-सात सामन्यांत हरवलं, तेव्हा नॉरिसमध्ये ज्यांनी हॉकी पाहिली त्यांना ‘दर्जा’ हा शब्द ऐकवायला जाऊ नका. 52 पाठ असणाऱ्यांना 106 माहीत नसतो, एवढंच.

राहता राहिली मारामारी. चाहत्यांनी या गटाला सिनेमातल्या चक नॉरिसवरून ‘चक नॉरिस डिव्हिजन’ म्हणून घेतलं होतं, आणि 17 मार्च 1991ला शिकागो आणि सेंट लुईस यांच्यात जे झालं त्याला हॉकी म्हणायला मीही धजणार नाही. पण 1984च्या गुड फ्रायडेला मॉन्ट्रियल आणि क्युबेक यांच्यात बर्फावर दंगल झाली ती ॲडम्समध्ये. ठोशांच्या जोरावर 1974 आणि 1975चे कप नेणारे फिलाडेल्फियाचे ‘ब्रॉड स्ट्रीटचे गुंड’, त्यातला दुसरा नेताना पॅट्रिकमध्ये होते. हाणामारी अख्ख्या लीगची होती आणि लीगला ती चालत होती. हातमोजे फेका, ठोसे द्या, पाच मिनिटं बाकावर बसा, परत या. भांडण उकरून काढणाऱ्याला सामन्याबाहेर काढायचा नियम आला 1992मध्ये. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात ते हेच, फक्त आमचा संन्यासीही काही अगदी सोवळा नव्हता.

शिवाय ‘खेळ येत नव्हता म्हणून मारामारी’ हे तर आकड्यांनाही मान्य नाही. सेंट लुईसच्या ब्रेट हलने 1990-91मध्ये 86 गोल केले. एका हंगामात त्याहून जास्त गोल वेन ग्रेट्स्कीखेरीज कुणीही केलेले नाहीत. आयझरमनचे 1988-89मधले 65 गोल आणि 90 गोलसाहाय्य हे नॉरिसमध्येच झाले. डेट्रॉइटचा बॉब प्रोबर्ट 1987-88मध्ये 398 मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसला, आणि त्याच हंगामात 29 गोल करून ऑल-स्टार सामन्यात खेळला.

मात्र प्रोबर्टचं नाव घेऊन मिशांना पीळ देणाऱ्या आठवणीबाजांच्या बाजूनेही मी उभा नाही. प्रोबर्ट 2010मध्ये 45व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूत, डोक्यावर वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा आजार सापडल्याचं बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढच्या वर्षी सांगितलं. ‘काय दिवस होते ते’ म्हणणाऱ्यांनी हेही त्याच दमात म्हणावं.

आता नावाकडे येऊ. कारण गंमत अशी की नॉरिस हे नाव काढायला एक भक्कम कारण होतं, आणि नेमकं तेच कारण कुणीही दिलं नाही.

जेम्स नॉरिस मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेले, शिकागोतले बडे धान्यव्यापारी. 1932मध्ये त्यांनी डेट्रॉइटचा संघ घेतला, त्याला ‘रेड विंग्ज’ हे नाव आणि पंख असलेलं चाक हे चिन्ह दिलं. इथपर्यंत गोष्ट कौतुकाची. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शिकागोच्या स्टेडियममध्ये आणि संघात त्यांचा हात होता, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचे शेअर होते, आणि रेंजर्सचा संघ गार्डनचाच. सहा संघांच्या लीगमध्ये तीन संघांच्या दोऱ्या एकाच घराण्याच्या हातात. ‘एनएचएल’ म्हणजे ‘नॉरिस हाउस लीग’ असा विनोद तेव्हा चालायचा. 52 गुणांच्या विनोदापेक्षा तो कितीतरी बोचरा आहे. 1952मध्ये ते वारल्यावर त्यांची कन्या मार्गरीट यांनी डेट्रॉइट सांभाळलं आणि स्टॅन्ली कपवर नाव कोरलं गेलेली पहिली स्त्री त्या झाल्या. भावांची कीर्ती निराळी. थोरल्या जेम्स डी. नॉरिस यांची मुष्टियुद्धातली मक्तेदारी मोडण्याच्या निकालावर 1959मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. 1957मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना बांधायला घेतली, तर त्याला उचलून तळाच्या शिकागोत पाठवलं गेलं. धाकट्या भावाच्या संघातून थोरल्या भावाच्या संघात.

‘खेळाडूंना वेठीला धरणाऱ्या घराण्याचं नाव आम्हाला नको’ असं लीग 1993मध्ये म्हणाली असती तर मी हा लेख लिहिला नसता. ती तसं म्हणाली नाही. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला गॅरी बेटमन बास्केटबॉलच्या लीगमधून येऊन आयुक्त झाले, आणि पुढच्या हंगामापासून चारही नावं गेली. कारण दिलं ते सोपेपणाचं: नव्या गावांतल्या नव्या प्रेक्षकाला नॉरिस कोण, पॅट्रिक कोण कळत नाही, दिशा सांगितली की कळेल. ॲटलांटिक, नॉर्थईस्ट, सेंट्रल, पॅसिफिक.

सोपं झालं का ते पाहा. 1998 ते 2013 अशी पंधरा वर्षं डॅलस पॅसिफिक डिव्हिजनमध्ये होतं. डॅलसहून पॅसिफिक महासागर पाहायचा तर विमानाने तीन तास जावं लागतं. 2011मध्ये अटलांटाचा संघ उचलून विनिपेगला नेला, आणि कॅनडाच्या प्रेअरीतलं ते गोठलेलं शहर दोन हंगाम साउथईस्ट डिव्हिजनमध्ये खेळलं. 2013मध्ये एका गटाचं नाव ‘मेट्रोपॉलिटन’ ठेवलं. ही कुठली दिशा ते लीगलाच ठाऊक. त्याच वर्षी समुद्रापासून शेकडो मैल आत असलेलं डेट्रॉइट ॲटलांटिकमध्ये गेलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

1974मध्ये लॉस एंजेलिस नॉरिसमध्ये होतं, 1992मध्ये फ्लॉरिडातलं टॅम्पा बे नॉरिसमध्ये आलं. दोन्ही वेळा नकाशा वेडावाकडा झाला, पण नाव खोटं पडलं नाही. माणसाचं नाव कुठे बोटच दाखवत नाही, मग बोट चुकणार कसं? संघ येणार-जाणार, शहरं बदलणार, हे ज्या धंद्यात ठरलेलंच आहे त्या धंद्यात दिशांची नावं ठेवणं हा शुद्ध वेंधळेपणा आहे. आणि बाद फेरीतली ढिलाई किंवा मालकांची बेफिकिरी यांतलं काहीही पाटी बदलल्याने सुधारलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नॉरिस घराण्याचा लीगला खरंच संकोच होता असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांच्यासाठी एवढंच. 1992-93 हा नॉरिस डिव्हिजनचा शेवटचा हंगाम. त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला नॉरिस डिव्हिजनमधल्या शिकागोचा क्रिस चेलिओस, आणि त्याला मिळाली जेम्स नॉरिस मेमोरियल ट्रॉफी. काही महिन्यांत डिव्हिजनचं नाव गेलं. ट्रॉफी त्याच नावाने आजही दर वर्षी दिली जाते.